यहयाभाई आणि तंबोऱ्याची गुणगुण

यहयाभाईंवर मी पहिल्यांदा ओरडले ते हिंदीत. ओरडल्याचं मला विशेष काही वाटत नाही. आमच्या म्युझिक सर्कलमध्ये माझ्या तोंडाला सगळेच वचकून असतात. पण दोन वर्षं ज्या माणसाला आम्ही 'भाईसाब, थोडा आवाज बढाओ' असं सांगत होतो, तो दाभोळचा निघाला, आणि मराठी आमच्याइतकंच त्याचंही निघालं. गाव कुठलं, एवढं साधं आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

मी साधना. दुबईतल्या अल मनखूलमध्ये एकवीस वर्षं एकाच इमारतीत राहते आणि त्यातली सतरा वर्षं सर्कलची सेक्रेटरी आहे. निवडणूक वगैरे काही होत नाही. हॉलच्या मॅनेजरशी भांडायला दुसरं कुणी तयार नसतं, म्हणून दर वर्षी माझंच नाव पुढे करतात. मीना बाजारच्या मागच्या गल्लीत एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आमचा हॉल आहे. गाद्या घातल्या तर शंभरेक माणसं दाटीवाटीने बसतात. महिन्यातून एक बैठक होते. भारतातून कुणी मोठं येणार असलं की माझा नवरा संजय एअरपोर्टवर जातो आणि मी थालीपीठं लावते.

यहया मापारी हे आमचे साउंडवाले. बाविसाव्या वर्षी ते दुबईत आले ते केबलची भेंडोळी उचलायला. आता शेहेचाळीस वर्षांचे आहेत आणि मुहैस्नाहमधल्या त्याच कंपनीत साउंड इंजिनियर आहेत. शिक्षण दहावी, बाकी सगळं कानाने. बायको शहनाझ आणि मुलगी दुआ दाभोळला असतात. अंगाने किडकिडीत माणूस, दाढी नीट कातरलेली, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. लग्नं, हॉटेलांतल्या कॉन्फरन्स, शाळांची गॅदरिंग, सगळीकडे त्यांचं काम एकच, स्वच्छ आवाज द्यायचा. स्वच्छ म्हणजे बोलणारा थांबला की स्पीकरमधून काहीही येता कामा नये. जुन्या वायरिंगमुळे नाहीतर खराब अर्थिंगमुळे स्पीकरमध्ये एक बारीक, सलग गुणगुण शिरते. तिला ते लोक हमिंग म्हणतात. ती काढल्याशिवाय यहयाभाई घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत. दुबईतल्या किती हॉलांमधली गुणगुण त्यांनी तांदळातल्या खड्यांसारखी वेचून काढली असेल, देव जाणे.

आता घोटाळा कसा झाला ते सांगते. यहयाभाई आल्यापासून तोवर आमच्याकडे भावगीतं व्हायची, मुलांचा तबला व्हायचा; तंबोरा असलाच तर तो कुणाच्या तरी फोनमधला. तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या मनोरमाबाई आल्या, त्या मिरजेचे दोन खरे तंबोरे घेऊन. वय तेव्हा अडुसष्ट, आवाज धारदार, स्वभाव त्याहून. शिष्यांनी अर्धा तास तंबोरे जुळवले, प्रत्येकापुढे एक माईक लागला, आणि बाईंनी यमन सुरू केला. मागे टेबलावर यहयाभाईंनी हेडफोन लावले, तर बाईंच्या आवाजाखाली त्यांना अखंड गुणगुण ऐकू आली. बाई श्वास घ्यायला थांबल्या तरी ती थांबेना. त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. ती कुठल्या लाइनींतून येते ते शोधलं आणि मिक्सरवर त्या दोन्ही लाइनी मुळापासून बंद केल्या.

मी पहिल्या रांगेत होते. मला वाटलं, आज आवाज किती छान मोकळा येतोय.

बाई आलापाच्या मधेच थांबल्या. मागे वळून शिष्यांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं आणि विचारलं, "तंबोरा कुठे गेला?"

यहयाभाई उठून उभे राहिले. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान. "निकाल दिया, मॅडम. हमिंग आ रहा था. अभी एकदम क्लीन है."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे झुकून त्या हळूच म्हणाल्या, "साधना, ज्याला तंबोरा म्हणजे कचरा वाटतो, त्या माणसाला तिथे कुणी बसवलं?" हळूच म्हणाल्या खऱ्या, पण माईक यहयाभाईंनी इतका स्वच्छ करून ठेवला होता की ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मग मी तरातरा मागे गेले आणि हिंदीत जे काही बोलायचं ते बोलले. कमिटीने त्याच आठवड्यात साउंडची कंपनी बदलायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात यहयाभाई. मला वाटलं, गडी गयावया करायला आलाय, आणि मी तोंड वाकडं करूनच दार उघडलं. ते चपला काढता काढता मराठीत म्हणाले, "ताई, बाई बोलल्या ते मला सगळं समजलं. मी दाभोळचा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांना बसा म्हटलं, पाणी आणलं, काय बोलावं ते सुचेना म्हणून परत एकदा पाणी आणलं. त्यांना माफी नको होती आणि कामही परत नको होतं. त्यांना तंबोरा ऐकायचा होता. गाणं नको, कुणी गाणारं नको, नुसता तंबोरा.

माझा तंबोरा खोळीत घालून कपाटाशेजारी उभा होता. तो काढला, जमेल तसा जुळवला आणि छेडू लागले. पाच मिनिटांनी आमचा अंश खोलीतून डोकावला. "मॉम, इट्स लिटरली वन नोट," म्हणाला आणि दार लावून आत गेला. यहयाभाई मात्र डोळे मिटून बसले होते. वीस मिनिटं झाली, माझी बोटं दुखायला लागली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"ताई, तारा चार आहेत ना? मग हा पाचवा आवाज कुणाचा?"

इथे मला एक कबुली द्यावी लागते. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप गांधार ऐकू येतो, कुणी वाजवत नसताना, हे मला माझ्या गुरूंनी सांगितलं होतं. मी ते सर्कलमध्ये येणाऱ्या प्रत्येक नवख्याला घरी माझा तंबोरा छेडून सांगायचे. डोळे मिटायचे, मान डोलवायचे, "आला, आला गांधार" म्हणायचे. मला तो कधीही ऐकू आला नव्हता. एकदासुद्धा नाही. आणि या माणसाला, ज्याला गांधार हा शब्दही ठाऊक नव्हता, तो वीस मिनिटांत सापडला होता.

का कोण जाणे, मी त्यांना खरं सांगून टाकलं. संजयलाही कधी सांगितलं नव्हतं. यहयाभाई हसले नाहीत. त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला, तंबोऱ्यासमोर छोटा माईक ठेवला, मला हेडफोन दिले आणि छेडत राहा म्हणाले. मग बाकीचे आवाज ते एकेक करून कमी करत गेले. बाजूचं पान सारावं आणि मागचं फळ दिसावं, तसा तो एक सूर उरला. बारीक, गोड, लांबून आल्यासारखा. मग त्यांनी बाकीचं सगळं हळूहळू परत आणलं, आणि तरी तो सूर गेला नाही. एकदा सापडल्यावर तो हरवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाने आणि थोडं स्वतःच्या ढोंगाची शरम वाटूनही. "त्या दिवशी तंबोरा काढताना नीट ऐकला असता तर काढला नसता," यहयाभाई म्हणाले.

त्यानंतर ते आमच्या बैठकींना श्रोते म्हणून येऊ लागले. मुहैस्नाहहून बस, मग मेट्रो, मग बुर्जुमान स्टेशनपासून पायी. दाराजवळ, चपलांच्या मांडणीशेजारी बसायचे. कमिटीतल्या काहींना ते चमत्कारिक वाटायचं, पण माझ्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. पहिलं वर्षभर त्यांनी गाण्याकडे लक्षच दिलं नाही, फक्त तंबोरा ऐकला. दुसऱ्या वर्षी मला म्हणाले, की गाणारा कुठे उभा आहे ते आता समजायला लागलंय. कधी तंबोऱ्याला टेकून असतो, कधी जरा बाजूला होऊन चिडवतो, परत येतो. रागांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नाहीत. 'ते दुपारचं, ज्यात एक पायरी गाळतात' असं काहीतरी सांगतात आणि संजय त्यांची थट्टा करतो. समेवर हात उचलायचा झाला तर सुरुवातीला त्यांचा हात नेमका एक मात्रा उशिरा वर जायचा. मग एका बैठकीत तो बरोबर समेवर गेला, आणि त्यांनी दचकून स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. मी त्या दिवशी सगळ्यांना जादा चहा पाजला.

करामामधल्या एका कथकच्या क्लासचं गॅदरिंग होतं, त्याचं साउंड त्यांच्या कंपनीकडे आलं. आधी एक दिवस ते तालमीला जाऊन बसले, आणि कार्यक्रमात दोन माईक चक्क जमिनीला टेकवून लावले, पायांसाठी. क्लासच्या शिक्षिकेने, श्रियाने, मला फोन करून विचारलं, हा माणूस तुम्हाला कुठे मिळाला? मुलींच्या पायातला बोल न् बोल मागपर्यंत पोचला होता म्हणे. मी ऐटीत सांगितलं, आमच्या सर्कलचा आहे.

यंदा मनोरमाबाई पुन्हा येणार असं ठरलं. जानेवारीत, शनिवारी सकाळी, म्हणजे सकाळचे राग ऐकायला मिळणार होते. फोनवर बाईंनी दोन अटी घातल्या. एक, खाण्यात लसूण नको. दोन, 'तो माणूस' नको. मी दोन्हींना बरं म्हटलं.

यहयाभाईंना हे कळलं तेव्हा ते माझ्याकडे आले. त्यांनी तीन वर्षांत माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. "ताई, एक सकाळ मला द्या. कंपनीकडून सुट्टी घेतो, सामान मी आणतो. मला शाबासकी नको. बाईंनी गाताना एकदापण माझ्याकडे बघू नये, एवढंच पाहिजे." गायक साउंडवाल्याकडे बघतो तो काहीतरी बिघडलं तरच, हे मला माहीत होतं. बाई पुन्हा चिडल्या तर त्या आमच्याकडे कायमच्या यायच्या बंद होतील, हेही माहीत होतं. सतरा वर्षांच्या सेक्रेटरीपदात मी पहिल्यांदा कमिटीला न विचारता होकार दिला. बाईंना काही बोलले नाही.

त्या सकाळी यहयाभाई सातला हॉलवर हजर. माईक लावण्याआधी ते रिकाम्या हॉलमध्ये नुसते फिरले. मग त्यांनी पाण्याच्या कूलरची पिन काढली. कॉफीचं मशीन बंद केलं. छताला टांगलेला प्रोजेक्टर विनाकारण चालू होता, तो बंद करवला. हॉलच्या मॅनेजरला गाठून सांगितलं, इंटरव्हलनंतर एसी नको. मॅनेजर म्हणाला, पब्लिक ओरडेल. मी म्हटलं, पब्लिकपेक्षा मी जास्त ओरडेन. बाईंच्या नजरेला पडायचं नाही म्हणून यहयाभाई मागे खांबाआड बसले, आणि स्टेजवर माईक कुठे, किती उंच, किती लांब ठेवायचे ते मला फोनवर, कानातल्या इअरफोनमध्ये, कुजबुजून सांगत राहिले. "ताई, अजून दोन बोटं मागे. तंबोऱ्याच्या भोपळ्यासमोर नको, वर, तारा टेकतात त्या घोडीपाशी." बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. "साधना, तू हेही शिकलीस?" गप्प बसणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

पहिल्या भागात बाई तोडी गायल्या. मी मनापासून ऐकायचा प्रयत्न केला, पण अर्धं लक्ष बाईंच्या डोळ्यांवर. त्या शिष्यांकडे बघत होत्या, तबल्याकडे बघत होत्या, डोळे मिटत होत्या. खांबाकडे नाही बघितलं.

इंटरव्हलनंतर सारंग सुरू झाला. एसी बंद. उकडलं वगैरे काही नाही, जानेवारीच तो. तंबोरे इतके भरून वाजत होते की भिंतीसुद्धा जुळवल्यासारख्या वाटत होत्या. लोक नेहमी थोडे चुळबुळतात, कुणाचा तरी फोन चमकतो, पण हळूहळू सगळे पुढे झुकले आणि एकदम शांत झाले. मला अगदी भरून आलं. अशा वेळी सेक्रेटरीने साउंडवाल्याचं कौतुक करायला हवं, म्हणून मी मागे वळले आणि यहयाभाईंना अंगठा दाखवला, म्हणजे आवाज फर्स्ट क्लास. त्यांनी दोन्ही हात टेबलावरून वर उचलून मला दाखवले. मला वाटलं, दाद देतायत. मीही हात वर केला.

शेवटपर्यंत बाईंनी खांबाकडे पाहिलं नाही. भैरवी झाली, लोक उठून उभे राहिले, मी संजयचा हात इतका दाबला की तो ओरडला. जिंकलो आम्ही.

मग मी ग्रीनरूममध्ये गेले. शिष्या एका तंबोऱ्याला खोळ घालत होती. बाई खुर्चीवर बसून पाणी पीत होत्या. पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "साधना, दुसऱ्या भागात माईक बंद होता."

मी म्हटलं, छे, छे, मी स्वतः पुढे बसले होते, आवाज तर उत्तम येत होता. बाई म्हणाल्या, "आवाज येत होता. स्पीकरमधून येत नव्हता. कोण होतं मागे? त्यांना बोलाव."

दुसरा काही इलाजच नव्हता. यहयाभाई आले, हात पुढे बांधून दारातच उभे राहिले. बाईंनी चष्मा लावला, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही तेच ना?"

"हो, बाई."

"कधी बंद केलात?"

"एकदम नाही केला, बाई. तुमचा आलाप सुरू झाला तेव्हापासून थोडा थोडा खाली घेत गेलो. पंचमावर थांबलात, तोपर्यंत सगळं शून्यावर होतं. तुमचा, तंबोऱ्यांचा, सगळ्यांचा."

मला तो अंगठा आठवला, आणि हात वर केलेले यहयाभाई आठवले. स्पीकरमधून काहीही येत नसताना मी त्यांना आवाज छान येतोय म्हणून सांगितलं होतं.

"का?" बाईंनी विचारलं.

यहयाभाईंनी खाली पाहिलं. तीन वर्षांपूर्वी ते असेच उभे राहून किती झटकन उत्तर देऊन मोकळे झाले होते. आता त्यांना वेळ लागला. "खोली गप्प झाली होती, बाई. तुमचा आवाज तसाच पुरत होता. तंबोरा ऐकायला माझे स्पीकरच आड येत होते."

मी मनात वाक्यांची जुळवाजुळव करत होते, की चूक माझी, मी तुम्हाला सांगितलं नाही, यांना काही बोलू नका. तेवढ्यात बाईंनी शिष्येला हात केला. "खोळ काढ. तो तंबोरा त्यांच्याकडे दे."

यहयाभाई मागे सरकले. त्यांनी तंबोरा तीन वर्षं ऐकला होता, हात एकदाही लावला नव्हता. बाई म्हणाल्या, बसा. ते सतरंजीवर बसले, पँटला हात पुसले, आणि शिष्येने तंबोरा त्यांच्या खांद्याला टेकवून दिला. त्यांनी एकेक तार छेडली. सावकाश, एकदा, दोनदा, तीनदा. मधल्या जोडीच्या तारांपाशी ते थांबले. त्या दोन्ही एकाच स्वराच्या असतात. त्यांनी त्या दोन पुन्हा छेडल्या आणि डोळे मिटले.

"बाई, या दोघींत बारीक लाट येतेय. दुसरी किंचित उतरलीय."

मी जीव कानात आणून ऐकलं. खरं सांगते, मला काहीही कळलं नाही.

बाईंनीही डोळे मिटले. "परत छेडा," म्हणाल्या. त्यांनी छेडल्या. बाई खुर्चीवरून उठल्या, गुडघ्याला हात देत त्यांच्यासमोर सतरंजीवर बसल्या आणि तार किंचित चढवायला-उतरवायला असतो त्या मण्यावर बोट ठेवलं.

"उतरलीय," त्या म्हणाल्या. "मी मणी सरकवते. तुम्ही छेडत राहा, आणि जुळली की मला सांगा."